चित्रं काढून घेऊन त्यांना कळतं तरी काय?

प्रश्न : आम्ही पाथर्डी तालुक्यातले. मुलगा आणि सून दर वर्षी ऊसतोडीला जातात, तेव्हा नातू आमच्याजवळ असतो. वय आठ, तिसरीत आहे. यंदा टोळी गेल्यापासून तो रात्री अंथरूण ओलं करू लागलाय. त्याआधी काही वर्षं असं एकदाही झालं नव्हतं. शाळेत गप्प बसतो, सकाळी पोट दुखतं म्हणतो. तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. डॉक्टरांनी नगरला बालमानसतज्ज्ञांकडे पाठवलं. तिथल्या बाईंनी त्याला कागद-खडू दिले, बाहुल्या आणि भातुकलीची भांडी दिली, आणि आम्हालाच तासभर प्रश्न विचारले. औषध दिलं नाही, पुन्हा बोलावलंय. खेळवून आणि चित्रं काढून घेऊन त्यांना कळतं तरी काय? (एक आजोबा)

उत्तर : आजोबा, रोजगार बुडवून, एसटीचं भाडं भरून गेलेल्या माणसाला त्या तासात काय झालं हे समजलंच पाहिजे. तुमच्या पत्रावरून तरी असं दिसतं की त्या बाईंनी आपलं काम नीट केलं. ते काम काय होतं, ते क्रमाने सांगतो.

सुरुवात शरीरापासून. पाच वर्षांपर्यंतच्या मुलाने अंथरूण ओलं केलं तर त्याला आजार मानतच नाहीत. पण किमान सहा महिने कोरडं राहिलेलं मूल पुन्हा ओलं करू लागलं, तर दोन शक्यता तपासाव्या लागतात. एक, लघवीतला जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, रक्तातली साखर अशी शारीरिक कारणं. दोन, मुलाच्या आयुष्यात नुकताच झालेला मोठा बदल. पहिली शक्यता तुमच्या डॉक्टरांनी निकालात काढली, म्हणूनच त्यांनी पुढे पाठवलं. हा क्रम महत्त्वाचा आहे. चांगला मानसतज्ज्ञ शरीराची तपासणी झाल्याशिवाय मनाचं कारण सांगत नाही.

मग तुम्हाला तासभर प्रश्न का? कारण आठ वर्षांचं मूल ‘मला आईची आठवण येते, आणि ती परत येईल की नाही अशी भीती वाटते’ असं वाक्य सहसा बोलत नाही. ते पोट दुखतं म्हणतं. आणि पोट खरोखरच दुखतं, ते सोंग नसतं. म्हणून त्या दुखण्याचा माग मोठ्यांच्या आठवणीतून काढावा लागतो. बाळंतपण कसं झालं, मूल लगेच रडलं का, मान कधी धरली, चालायला कधी लागलं, दोन शब्द जोडून कधी बोललं, झोपतं कुणाजवळ, घरात कोण रागावतं, कोण लाड करतं, शाळेत मित्र कोण. या प्रश्नांतून दोन गोष्टी वेगळ्या काढता येतात : जन्मापासून चालत आलेली अडचण, आणि अलीकडे सुरू झालेली अडचण. तुमच्या नातवाची अडचण एका ठरावीक दिवसानंतर सुरू झाली, टोळी गेल्यानंतर. तुमच्या पत्रातलं सर्वांत मोलाचं वाक्य तेच आहे, आणि त्या बाईंनीही बहुधा तेच हेरलं असेल.

आता खेळाकडे येऊ. मोठी माणसं बोलून मन मोकळं करतात, तसं लहान मूल खेळून करतं. व्हर्जिनिया अ‍ॅक्स्लाइन या अमेरिकन मानसतज्ज्ञ बाईंचं खेळोपचारावरचं पुस्तक १९४७ मध्ये आलं. त्यांचा आग्रह असा की खेळ मुलाने ठरवावा. मोठ्याने शिकवू नये, सुधारू नये, घाई करू नये, फक्त लक्षपूर्वक सोबत असावं. बाहुल्यांच्या घरातली आई मुलाने कुठे ठेवली, ट्रॅक्टरमध्ये कुणाला बसवलं, कुणाला मागे सोडलं, एकच प्रसंग पुन्हा पुन्हा मांडला का, खेळ मध्येच थांबवून ते तुमच्याकडे पळालं का, हे सगळं तज्ज्ञ पाहत असतात. एखादी हालचाल पाहून ते निदान करत नाहीत. तीच गोष्ट वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या रूपात पुन्हा दिसली तरच तिला वजन देतात. पुन्हा बोलावण्याचं एक कारण हे आहे. दुसरं कारण साधं आहे : अनोळखी खोलीत पहिल्या भेटीत मूल खुलत नाही.

चित्रांबद्दल तर बराच गैरसमज आहे. काळा रंग वापरला म्हणजे मूल दुःखी, हात काढले नाहीत म्हणजे भेदरलेलं, असे अर्थ लावणारे संदेश मोबाइलवर फिरतात. त्यांवर विश्वास ठेवू नका. हातात काळाच खडू आला असेल! चित्राचे उपयोग मुख्यतः दोन. पहिला म्हणजे बोलायला निमित्त. ‘हे कोण? हे कुठे निघालेत?’ असं चित्रातल्या माणसाबद्दल विचारलं की मूल स्वतःबद्दल न बोलताही बरंच सांगून जातं. दुसरा उपयोग वाढीचा अंदाज घेण्याचा. फ्लोरेन्स गुडइनफ यांनी १९२६ मध्ये दाखवून दिलं की मुलाने काढलेल्या माणसाच्या चित्रात वयाबरोबर तपशील वाढत जातात : आधी डोकं, मग धड, बोटं, कपडे. आपल्याकडे बडोद्याच्या प्रमिला फाटक यांनी ही पद्धत भारतीय मुलांसाठी बसवली. तान्ह्या आणि रांगत्या मुलांची वाढ मोजण्यासाठी देशभर वापरली जाणारी पट्टीही त्यांनीच बडोद्यात तयार केली. परदेशी बाळांवर बेतलेली मापं आपल्या बाळांना जशीच्या तशी लावली तर ती अन्यायाची ठरतात, हे जाणून त्यांनी केलेलं हे काम आहे.

बुद्धीच्या चाचण्यांचंही असंच झालं. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये पहिली चाचणी केली, ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना जादा मदत मिळावी म्हणून. पुढे अमेरिकेत तिचं रूप बदललं. १९३०च्या दशकात डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली. ‘बिने-कामत’ या नावाने ती आजही आपल्या सरकारी दवाखान्यांत वापरात आहे. नागपूरच्या बालमार्गदर्शन केंद्रात डॉ. आर्थर मालिन यांनी आणखी एक बुद्धिमापन चाचणी भारतीय मुलांसाठी बसवली, सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी. त्यांनीच सामाजिक परिपक्वतेची एक पट्टी नागपुरात रुळवली. ती मला विशेष आवडते, कारण तिच्यात कागद-पेन्सिल नाही. घरच्यांना विचारलं जातं : मूल स्वतः जेवतं का, गुंड्या लावतं का, स्वतः अंघोळ करतं का, दुकानातून सांगितलेली वस्तू आणतं का. शेळ्या सांभाळणारं, किराणा आणणारं, धाकट्या भावंडाला जोजवणारं तुमच्या गावचं मूल या पट्टीवर कधी कधी शहरातल्या मुलापेक्षा सरस ठरतं. म्हणूनच कुठल्याही एका चाचणीचा आकडा म्हणजे मूल नव्हे. तो आकडा कुणी नुसताच तुमच्या हातात ठेवला, तर ‘याचा अर्थ काय आणि आम्ही करायचं काय?’ असं जरूर विचारा.

राहिला औषधाचा प्रश्न. मानसशास्त्रज्ञ औषध लिहून देत नाहीत. ते काम मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांचं. तुमच्या नातवासारख्या प्रसंगी पहिला उपाय बहुधा औषध नसतोच. उपचाराचा अर्धा भाग मुलाबरोबर होतो आणि अर्धा तुमच्याबरोबर. हेच मला या उत्तरात ठासून सांगायचं आहे. मूल आठवड्यातला एक तास तज्ज्ञाजवळ असतं, बाकीचे सगळे तास तुमच्याजवळ. त्या बाकीच्या तासांत काही बदललं नाही तर तो एक तास पुरत नाही.

काय बदलायचं? बहुधा त्या बाई तुम्हाला हेच सांगतील. रात्री अंथरूण ओलं झालं तर न रागावता, न चिडवता, चार माणसांत चर्चा न करता बदलायचं. झोपण्याआधी लघवीला पाठवायचं. संध्याकाळनंतर पाणी तोडायचं नाही, फक्त फार प्यायला द्यायचं नाही. आई-वडिलांचा फोन दिवसातून एकदा, शक्यतो ठरलेल्या वेळी. फडात रेंज नसते आणि पहाटे उठून तोडणीला जाणारी आई रात्री दमलेली असते, हे मान्य. तरी आठवड्यातले दोन ठरलेले वार, हे अधूनमधून अचानक येणाऱ्या फोनपेक्षा मुलाला जास्त आधार देतात. भिंतीवर दिनदर्शिका लावा आणि कारखान्याचा पट्टा साधारण कधी पडेल, म्हणजे हंगाम कधी संपेल, तो महिना त्याला दाखवा. आईचं येणं ‘कधीतरी’ होईल यापेक्षा ‘होळीनंतर’ होईल, हे मुलाच्या मनाला पेलतं. आणि पुढच्या हंगामाला एक गोष्ट नक्की पाळा : मूल झोपेत असताना टोळी निघू देऊ नका. ते रडेल म्हणून आपण तसं करतो, मायेपोटीच करतो. पण सकाळी उठल्यावर आई नाहीशी झालेली दिसली की पुढे प्रत्येक झोपेची भीती बसू शकते. रडत का होईना, निरोप घेऊ द्या.

शाळेत गुरुजींनाही सांगा. पोट दुखतं म्हणून घरी ठेवलं तर भीती वाढते. थोडा वेळ का होईना, रोज शाळेत गेलेलं बरं.

हे लिहिताना मला एका गोष्टीचं दुःख होतं, आणि ते लपवणार नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या घराघरांतून कोयते बाहेर पडतात ते मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायला. तुमच्या नातवाच्या मनात जे चाललंय त्याचं मूळ त्या उचलीत आणि कोरड्या शिवारात आहे. कुठलाही मानसतज्ज्ञ ते मूळ उपटू शकत नाही. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजनाही आहे. पण निवारा आणि जेवण मिळालं म्हणजे मुलाच्या मनाचं भागलं असं नाही. तिथल्या प्रत्येक मुलाला नावाने ओळखणारा, रात्री विचारपूस करणारा एक मोठा माणूस हवा. तुमच्या घरी तो माणूस तुम्ही आहात. ही फार मोठी गोष्ट आहे, आजोबा. पुढच्या भेटीला जरूर जा. दर वेळी नगरला जाणं झेपत नसेल तर तसं मोकळेपणाने सांगा, मधल्या भेटी फोनवर होतील का ते विचारा.

प्रश्न : माझी मुलगी दहावीत आहे. तिला मानसतज्ज्ञांकडे नेलं तर त्यांनी मला बाहेर बसवलं. नंतर ‘ती काय म्हणाली?’ विचारलं तर सगळं सांगितलं नाही. आई असून मला हक्क नाही का? (एक आई, राहुरी)

उत्तर : ताई, तुमचा जीव तुटणं स्वाभाविक आहे. पण किशोरवयीन मूल बोलतं ते एका विश्वासावर : इथलं बोलणं इथेच राहील. तो विश्वास गेला की ती पुढच्या वेळी फक्त ‘सगळं ठीक आहे’ म्हणेल, आणि मग तुम्हालाही काही कळणार नाही, तज्ज्ञांनाही नाही. म्हणून मैत्रिणीशी भांडण, एखाद्या मुलाबद्दल वाटणारी ओढ, गणिताची धास्ती, अशा गोष्टी तज्ज्ञ स्वतःजवळ ठेवतात आणि तुम्हाला त्यातून निघणारा सल्ला तेवढा देतात.

या गुप्ततेला मर्यादा आहेत, आणि चांगला तज्ज्ञ त्या पहिल्याच भेटीत मुलीसमोर स्पष्ट करतो. तिच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल तर पालकांना सांगितलं जातं. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायदा, २०१२ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तिथे तज्ज्ञाला गप्प राहण्याची मुभा नाही. मुलीचं लग्न शाळा सोडवून ठरत असेल तर तोही बोलण्याचाच विषय आहे. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे, आणि १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक कुणीही लावू शकतं, स्वतः मुलगीसुद्धा.

एक गोष्ट तुम्हीही करू शकता. परीक्षेच्या काळात मुलगी झोपत नसेल, जेवत नसेल, आवडत्या वस्तू वाटून टाकत असेल, ‘मी नसले तर बरं’ असं काही बोलत असेल, तर तिला शांतपणे, थेट विचारा : ‘जगणं नको असं मनात येतं का?’ असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट, विचारणारं कुणी आहे हे कळल्यावर बरीच मुलं पहिल्यांदा बोलतात. उत्तर ‘हो’ आलं तर ओरडू नका, शपथा घालू नका. तिला एकटं सोडू नका, घरातली कीटकनाशकं कुलुपात ठेवा आणि त्याच दिवशी मदत घ्या. टेली-मानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ वर दिवसरात्र केव्हाही, मराठीतही बोलता येतं.

प्रश्न : माझ्या वर्गातला चौथीचा मुलगा तोंडी उत्तरं झटकन देतो. लिहायला बसला की जोडाक्षरं सुटतात, वेलांट्या चुकतात, ओळ वाचताना शब्द गळतात. घरचे आळशी म्हणतात. हा मानसतज्ज्ञाचा विषय आहे का? (एक शिक्षक, संगमनेर तालुका)

उत्तर : सर, हा नुसता त्यांचा विषय नाही, या शास्त्राचा जन्मच अशा मुलापासून झाला. १८९६ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात लाइटनर विटमर यांनी विद्यापीठात पहिलं मानसशास्त्रीय चिकित्सालय सुरू केलं. त्यांच्याकडे आलेला पहिला मुलगा चांगल्या बुद्धीचा होता, पण स्पेलिंग त्याला काही केल्या जमत नव्हतं. त्याला घेऊन आली होती त्याची शिक्षिका. तपासणीत त्याच्या नजरेतही दोष निघाला. चष्मा दिला आणि वाचन नव्याने शिकवायला घेतलं. सव्वाशे वर्षांनंतरही क्रम तोच आहे : आधी डोळे आणि कान तपासा. शाळेत वर्षातून एकदा येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला हा मुलगा मुद्दाम दाखवा. २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरमध्ये या कार्यक्रमाची सुरुवात झाली होती. ते पथक पुढची तपासणी जिल्हा रुग्णालयात घडवू शकतं.

नजर, श्रवण ठीक असेल, बुद्धी सर्वसाधारण असेल, शिकवणं नियमित मिळालं असेल आणि तरीही हीच अडचण राहिली, तर ती अध्ययन अक्षमता असू शकते. साधारण आठ वर्षं पूर्ण होण्याआधी हे निदान पक्कं करत नाहीत, कारण तोवर बऱ्याच मुलांचं लिहिणं-वाचणं आपसूक सुधारतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत हिची नोंद आहे. प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा मिळतात, गरजेनुसार लेखनिकही मिळतो. पण प्रमाणपत्रापेक्षा तुमचं शिकवणं त्याच्या जास्त उपयोगाचं आहे. त्याला एकेक अक्षर बोटाने गिरवायला द्या, जोडाक्षर फोडून आवाजाने म्हणवून घ्या, उत्तरं तोंडी घ्या, फळ्यावर सगळ्यांसमोर वाचायला उभं करू नका. आणि घरच्यांना एकच वाक्य सांगा : हा मुलगा इतरांपेक्षा जास्त कष्ट करतोय, म्हणून दमतोय.

प्रश्न : मानसतज्ज्ञ, समुपदेशक, मानसोपचारतज्ज्ञ… नेमकं जायचं कुणाकडे? आणि आमच्यासारख्या लांबच्या गावातून? (एक आशा कार्यकर्ती, जामखेड तालुका)

उत्तर : मानसोपचारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर. फिट, भास, टोकाचं नैराश्य, औषधाची गरज, अशा वेळी त्यांच्याकडे. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि बोलण्याचे उपचार करतात. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असते, आणि तो नोंदणी क्रमांक विचारण्यात काहीही गैर नाही. समुपदेशक शाळेत, परीक्षेच्या ताणात, घरातल्या वादात मदत करतात. चांगला समुपदेशक आपल्या मर्यादा ओळखून योग्य वेळी पुढे पाठवतो.

जिल्ह्यात पहिली जागा म्हणजे अहिल्यानगरचं जिल्हा रुग्णालय. उत्तरेकडच्या तालुक्यांना लोणीचं प्रवरा रुग्णालय, नगरजवळच्यांना विळद घाटातलं विखे पाटील फाउंडेशनचं रुग्णालय. दोन्ही ठिकाणी वैद्यकीय महाविद्यालय असल्याने मानसोपचार विभाग आहे. देवीला नवस बोलला असेल तर फेडा, मोहट्याला जाऊन या. पण अंगारा लावला म्हणून दवाखान्याची तारीख चुकवू नका, आणि मुलाला मारहाण करून ‘बाधा’ उतरवणाऱ्याच्या दारात तर कधीच नेऊ नका.

तरीही खरी अडचण उरतेच. १४ तालुक्यांचा, क्षेत्रफळात राज्यातला सर्वांत मोठा हा जिल्हा. १२ राज्यांत २०१५-१६ मध्ये झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वर्षांच्या १०० मुलांमागे सातांहून अधिक जणांना उपचारांची गरज असणारा मानसिक त्रास आढळला. म्हणजे मोठ्या माध्यमिक शाळेच्या एकेका वर्गात तीन-चार मुलं. इतक्या मुलांपर्यंत पोहोचण्याएवढे तज्ज्ञ उद्याही असणार नाहीत.

ताई, यावरचं उत्तर तुमच्याच तालुक्याने दिलेलं आहे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले, तेव्हाही डॉक्टर गावोगाव पोहोचणं शक्य नव्हतं. त्यांनी गावातल्याच बायकांना शिकवलं. त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळखही नव्हती, पण बाळंतपणापासून कुष्ठरोगापर्यंत काय ओळखायचं आणि कधी पुढे पाठवायचं हे त्या शिकल्या, आणि गावं बदलली. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मुलांच्या मनाच्या बाबतीत तेच करणं आता शक्य आहे. निदान तुम्ही करायचं नाही. ओळखायचं मात्र तुम्हीच.

पुढच्या गृहभेटीत चार गोष्टी विचारा. मूल नीट झोपतं का? शाळा टाळतं का? पूर्वी करायचं ते काही करायचं सोडलं का? आणि घरात नुकतंच कोण गेलं, आलं किंवा आजारी पडलं? यांतल्या दोन गोष्टींचं उत्तर काळजी वाटावी असं आलं आणि ते दोन-तीन आठवडे टिकलं, तर घरच्यांना शेजारी बसवून तुमच्याच फोनवरून १४४१६ लावा. पहिला फोन लावून देणारं माणूस गावात असलं की अर्धी वाट तिथेच सरते.